एकत्र निवडणुकांचा ‘सुवर्णकाळ’ आणि जालन्याची साक्ष

१/
२६ एप्रिल २०२४ रोजी माझ्या गावाने लोकसभेसाठी मतदान केले. गाव घनसावंगी तालुक्यातले, जिल्हा जालना. माझ्या मामांचे गाव भोकरदन तालुक्यात, जिल्हा तोच. मामांनी मतदान केले १३ मेला. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, आणि मतदानाच्या दोन तारखांत सतरा दिवसांचे अंतर. अशा वेळी आम्हाला सांगितले जात आहे की साऱ्या देशाने लोकसभेसाठी आणि विधानसभेसाठी एकाच वेळी मतदान करावे, कारण ‘पूर्वी तसेच होत असे’. या ‘पूर्वी’ची तपासणी करण्यासाठी हा धागा.

२/
आधी दोन तारखांचे कोडे उलगडू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातून आला, परतूर मात्र परभणीतून. आज जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत. त्यांपैकी जालना, बदनापूर आणि भोकरदन हे तीन जालना लोकसभा मतदारसंघात येतात. सोबतीला सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे शेजारच्या जिल्ह्यातले तीन. उरलेले परतूर आणि घनसावंगी परभणी लोकसभा मतदारसंघात. परभणीचे मतदान दुसऱ्या टप्प्यात, जालन्याचे चौथ्या टप्प्यात. म्हणून आमच्या घरी बोटाला शाई लागली तेव्हा मामांकडे प्रचार ऐन भरात होता.

३/
कोणत्या चिन्हाचे बटण दाबावे, हे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. माझा वाद एका ऐतिहासिक दाव्याशी आहे. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १४ मार्च २०२४ रोजी आपला अठरा हजारांहून अधिक पानांचा अहवाल राष्ट्रपतींना सादर केला. लोकसभा आणि विधानसभा एकत्र, आणि त्यानंतर शंभर दिवसांच्या आत स्थानिक संस्थांच्या निवडणुका, अशी शिफारस तिने केली आहे. या शिफारशीच्या समर्थनार्थ इतिहास पुढे केला जातो : १९५२ ते १९६७ या काळात निवडणुका एकत्र होत, देश सुरळीत चालत असे, पुढे ही घडी विस्कटली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी थांबलेच पाहिजे.

४/
प्रथम, ‘देश’ म्हणजे कोण? आमच्या भागापुरते बोलायचे तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाची प्रजा होतो. भारताची राज्यघटना घडवणाऱ्या संविधान सभेत हैदराबाद संस्थानाच्या जागा रिकाम्याच राहिल्या. म्हणजे ज्या घटनेने आम्हाला मताचा अधिकार दिला, ती लिहिली जात असताना जालना, अंबड, भोकरदनच्या वतीने बोलणारा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. १९५२ चे मतदान आमच्या लोकांसाठी प्रौढ मताधिकाराचा पहिलाच अनुभव होता. त्याला कोणी ‘सुरळीत परंपरा’ म्हणू लागला की मला नवल वाटते.

५/
आता त्या तीन ‘एकत्र’ निवडणुका पाहू. १९५२ साली आमच्या लोकांनी विधानसभेसाठी मत दिले ते हैदराबाद राज्याच्या. एकूण जागा १७५. काँग्रेसला ९३, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२. मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्ण राव. आमच्या आमदारांचे सभागृह हैदराबादेत होते, आणि त्यात तेलुगू, कन्नड, उर्दू व मराठी भाषक शेजारी शेजारी बसत. तेव्हा लोकसभेचा मतदारसंघही ‘अंबड’ या नावाचा होता.

६/
१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यच उरले नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. हैदराबादसाठी निवडून दिलेले आमचे आमदार मुंबईच्या विधानसभेचे सदस्य मानले गेले. मतदाराने एका राज्यासाठी दिलेले मत मधल्यामध्ये दुसऱ्या राज्याच्या खात्यात जमा झाले. पाच वर्षांची मुदत अशी कागदावर सलग दिसते. तिच्या खालची जमीन मात्र सरकलेली होती.

७/
१९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्याची. जागा ३९६, काँग्रेसला २३४. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्र हलवून सोडला. तरीही यशवंतराव चव्हाणांचे सरकार टिकले, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांनी त्याला आधार दिला. तीन वर्षांत हेही राज्य दुभंगले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि १९५७ चे सभागृह दोन राज्यांत वाटले गेले.

८/
१९६२ ची निवडणूक महाराष्ट्राची. जागा २६४, काँग्रेसला २१५. आता हिशेब मांडा. जालन्याच्या एकाच मतदाराने लागोपाठ तीन सार्वत्रिक निवडणुकांत तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभा निवडल्या. १९५२ ला हैदराबाद, १९५७ ला मुंबई, १९६२ ला महाराष्ट्र. त्याने गाव सोडले नव्हते; राज्येच त्याच्या दारावरून गेली. ज्यांना या काळात स्थैर्याचा सुवर्णकाळ दिसतो, त्यांनी हा इतिहास मराठवाड्यातून वाचलेला नाही.

९/
इतर राज्यांची कथाही फार वेगळी नाही. पेप्सू आणि त्रावणकोर-कोचीन येथे १९५४ मध्ये, आंध्रात १९५५ मध्ये, केरळात १९६० मध्ये, ओडिशात १९६१ मध्ये विधानसभेच्या स्वतंत्र निवडणुका झाल्या. केरळात तर निवडून आलेले सरकार १९५९ मध्ये केंद्राने बडतर्फ केले होते. म्हणजे ज्याला आज नियम म्हटले जाते, तो त्या काळातही पुरता पाळला गेला नव्हता. सगळ्यांनी शर्यत एकाच रेषेवरून सुरू केली, म्हणून पहिली काही पावले जुळली. या जुळण्याला कोणताही घटनात्मक आदेश नव्हता.

१०/
आता कळीचा प्रश्न : घडी विस्कटली कोणी? सर्वसाधारण समज असा की राज्यांतली सरकारे पडत गेली, आमदार फुटत गेले, आणि त्यामुळे वेळापत्रक बिघडले. उत्तरेतल्या काही राज्यांबाबत १९६७ नंतर हे खरे आहे. महाराष्ट्राचे काय? येथे विधानसभा १९६७ मध्ये निवडली गेली आणि मुदत पुरी करून मार्च १९७२ मध्ये पुन्हा मतदाराकडे गेली. वेळापत्रक मोडले ते लोकसभेने. २७ डिसेंबर १९७० रोजी ती सुमारे वर्षभर आधी विसर्जित झाली आणि मार्च १९७१ मध्ये निवडणूक झाली. मुंबईचे घड्याळ बरोबर चालत होते. दिल्लीचे पुढे ढकलले गेले.

११/
पुढचा प्रसंग १९८० चा. जानेवारीत लोकसभेचा कौल बदलला. १७ फेब्रुवारी १९८० रोजी शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बरखास्त झाले आणि राज्यात राष्ट्रपती राजवट आली. विधानसभा निवडली गेली होती फेब्रुवारी १९७८ मध्ये; म्हणजे पाचपैकी दोनच वर्षे झाली होती. दिल्लीचा कौल आणि राज्याचा कौल एकच असला पाहिजे, हा आग्रह तेव्हाही होता. त्यासाठी तेव्हा बडतर्फी वापरली गेली. आज त्याच आग्रहाला वेळापत्रकाचे सौम्य रूप मिळाले आहे, असे मला वाटते.

१२/
महाराष्ट्रात आज लोकसभा उन्हाळ्यात आणि विधानसभा ऑक्टोबरच्या सुमारास होते. हे सहा महिन्यांचे अंतर आले कुठून? १९९९ मध्ये युती सरकारने विधानसभा काही महिने आधी विसर्जित करवली आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही निवडणुका बरोबर झाल्या. घड्याळे पुन्हा जुळली. ती पुन्हा वेगळी झाली २००४ मध्ये : तेराव्या लोकसभेची मुदत ऑक्टोबरपर्यंत होती, परंतु केंद्रातील सरकारने ती फेब्रुवारीतच विसर्जित करवून एप्रिल-मेमध्ये निवडणूक घेतली. विधानसभा ऑक्टोबरमध्येच झाली. दुसऱ्यांदाही वेळ चुकवली ती दिल्लीनेच. मग शिस्त लावायची ती राज्यांना का?

१३/
समितीची तोडगा म्हणून केलेली शिफारस अशी : मधेच सभागृह विसर्जित झाले तर नवी निवडणूक फक्त उरलेल्या काळापुरती. समजा एखाद्या राज्यात चौथ्या वर्षी सरकार कोसळले. मग वर्षभरासाठी निवडणूक घ्यायची, आणि वर्ष संपताच पुन्हा देशासोबत निवडणूक. खर्च वाचवण्यासाठी आखलेली योजना अशा राज्याला दोन वर्षांत दोनदा मतदान केंद्रावर नेईल. शिवाय राज्याच्या मतदाराने दिलेल्या कौलाचे आयुष्य लोकसभेच्या आयुष्यावरून मोजले जाईल. पाच वर्षांचा आमदार निवडण्याचा आमचा अधिकार ‘उरलेल्या काळापुरता’ होईल.

१४/
विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मी टाळणार नाही : आचारसंहिता. निवडणूक लागली की कामे थांबतात, शिक्षक निवडणुकीच्या कामाला जातात, फायली कपाटात राहतात. ही तक्रार खरी आहे. पण आकडे पाहा. २०२४ ची लोकसभा निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली आणि निकाल ४ जूनला लागले : ऐंशी दिवस. २०१९ ची महाराष्ट्र विधानसभा २१ सप्टेंबरला जाहीर झाली, २१ ऑक्टोबरला साऱ्या राज्यात एकाच दिवशी मतदान झाले, २४ ऑक्टोबरला निकाल : तेहतीस दिवस.

१५/
आणखी एक मांडणी. लोकसभेसाठी महाराष्ट्रात २००४ मध्ये दोन टप्पे होते. २००९ मध्ये तीन. २०१४ मध्ये तीन. २०१९ मध्ये चार. २०२४ मध्ये पाच. रस्ते सुधारले, दळणवळण वाढले, यंत्रे आली, आणि टप्पे वाढत गेले. कामे रखडण्याचे कारण टप्प्यांच्या या वाढीत शोधले पाहिजे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. एका जिल्ह्याची एक निवडणूक एका दिवशी घेऊन दाखवा, मग साऱ्या देशाच्या दोन निवडणुकांविषयी बोलू.

१६/
दुसरा आक्षेप माझ्याच काही मित्रांचा आहे. ते म्हणतात, निवडणुका एकत्र झाल्या तर भोळा मतदार दोन्हीकडे एकच चिन्ह दाबेल. या युक्तिवादाशी मी सहमत नाही, कारण तो मतदाराचा अपमान करतो आणि पुराव्याशी जुळत नाही. १९९९ मध्ये एकाच वेळी मतदान झाले. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा युतीला मिळाल्या. विधानसभेच्या २८८ पैकी मात्र १२५ च. लोकसभेत बहुमताने जागा जिंकणारी युती विधानसभेत बहुमतापासून दूर राहिली आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. याच निवडणुकीत जालन्यातून भाजपचे रावसाहेब दानवे पहिल्यांदा लोकसभेत गेले, आणि अंबडमधून राष्ट्रवादीचे राजेश टोपे विधानसभेत.

१७/
२०१९ मध्ये सहा महिन्यांच्या अंतरानेही तेच दिसले. मे महिन्यात दानवे तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. ऑक्टोबरमध्ये भोकरदन, बदनापूर आणि परतूर भाजपकडे राहिले. जालन्यातून काँग्रेसचे कैलास गोरंट्याल आणि घनसावंगीतून राष्ट्रवादीचे टोपे निवडून आले. आमचा मतदार खासदार आणि आमदार यांतला फरक ओळखतो. त्याच्या बुद्धीविषयी मला चिंता नाही. चिंता आहे ती त्याला मिळणाऱ्या संधींची. दोन निवडणुका म्हणजे पुढाऱ्याला दोनदा दारात उभे करण्याची सोय. एकत्र निवडणूक ही सोय अर्ध्यावर आणते.

१८/
या सोयीची किंमत आमच्या जिल्ह्याइतकी आज कुणाला कळावी? १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणस्थळी लाठीमार झाला. दुसऱ्याच दिवशी, २ सप्टेंबरला, दिल्लीत कोविंद समितीच्या स्थापनेची अधिसूचना निघाली. हा केवळ योगायोग आहे. त्यात कार्यकारण शोधू नये. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन तारखा शेजारी ठेवण्याची सवय असते. एका ठिकाणी लोक सरकारला उत्तर मागत होते. दुसऱ्या ठिकाणी, उत्तर मागण्याचे प्रसंग कमी कसे करावेत याचा विचार सुरू होत होता.

१९/
मराठा आरक्षणाचा प्रश्न दोन सभागृहांत विभागलेला आहे. निजामकालीन कुणबी नोंदी शोधणे, त्यावरून प्रमाणपत्रे देणे, २६ जानेवारी २०२४ च्या ‘सगेसोयरे’ मसुद्याचे पुढे काय करायचे ते ठरवणे, आंदोलकांवरील गुन्ह्यांचा निर्णय, आणि २० फेब्रुवारीला संमत झालेल्या दहा टक्क्यांच्या कायद्याचा न्यायालयात बचाव : हे राज्याचे काम. लाठीमाराचा जाबही राज्यालाच विचारायचा, कारण पोलीस हा राज्याचा विषय. या साऱ्याचे उत्तर विधानसभेच्या उमेदवाराने द्यायचे आहे.

२०/
मात्र १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली पन्नास टक्क्यांची मर्यादा, जिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी राज्याचा आधीचा कायदा रद्द केला, ती घटनादुरुस्तीने ओलांडायची की नाही, हे संसदेपुढचे काम. जातनिहाय गणना जनगणनेत करायची की नाही, हेही केंद्राच्याच हाती होते. त्यामुळे लोकसभेसाठी मत मागायला येणाऱ्याला असे प्रश्न विचारा. ‘तो विषय मुंबईचा’ असे तो म्हणाला, तर त्याला हा उतारा दाखवा. आणि विधानसभेचा उमेदवार ‘तो विषय दिल्लीचा’ म्हणाला, तर आधीचा.

२१/
हीच विभागणी इतरत्रही लावून पाहा. जालन्याच्या रेल्वेचे प्रश्न, कापूस-सोयाबीनचा हमीभाव, आयात-निर्यातीचे धोरण : लोकसभा. जायकवाडीत वरच्या धरणांतून समन्यायी वाटपाचे पाणी येते की नाही, जालना शहराच्या नळाला ते किती दिवसांनी पोहोचते, मोसंबीच्या बागा दुष्काळात जगतात की २०१२-१३ सारख्या जळतात : मुख्यतः विधानसभा. दोन्ही प्रचार एकाच मांडवात उरकले की पाण्याचा प्रश्न परराष्ट्र धोरणाच्या भाषणाखाली बुडतो. मोठा आवाज धाकट्याला गिळतो, हा प्रचाराचा स्वभाव आहे.

२२/
आणि तिसरे सभागृह? जालना जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला. २०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी तिची पहिली निवडणूक व्हायचीच होती. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात या निवडणुका अडकल्या, हे मान्य. पण निवडणुका ‘फार’ होतात म्हणून देश चिंतेत असताना, आमच्या गावचा रस्ता आणि शाळेचे छप्पर यांविषयी ज्याला विचारावे असा जिल्हा परिषद सदस्यच तेव्हा दोन वर्षांपासून अस्तित्वात नव्हता. शंभर दिवसांचे आश्वासन देणाऱ्यांनी आधी या दोन वर्षांचा हिशेब द्यावा.

२३/
सारांश. एकत्र निवडणुकांचा काळ हा प्रारंभाचा योगायोग होता. मराठवाड्यासाठी तर तो राज्यांच्या उलथापालथीचा काळ होता. महाराष्ट्रात वेळापत्रक मोडले ते दोन्ही वेळा दिल्लीने. कामे रखडतात त्याला टप्प्यांची लांबण अधिक जबाबदार आहे. ज्यांना एकत्र निवडणुका हव्यात त्यांनी खर्चाचा, सोयीचा, राज्यशास्त्राचा युक्तिवाद जरूर करावा. त्यावर वाद होऊ शकतो. इतिहासाला मात्र साक्षीदार म्हणून बोलावू नये. तो त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

२४/
माझा जन्म १९९९ चा; दोन्ही मते एकाच दिवशी दिली गेली त्याच वर्षीचा. माझ्या पणजीच्या पिढीने मताचा अधिकार वयाच्या मध्यावर पाहिला आणि दहा वर्षांत तीन राज्यांच्या विधानसभा निवडल्या. त्या पिढीला न मागता मिळालेली गोष्ट म्हणजे अस्थैर्य. झगडून मिळालेली गोष्ट म्हणजे मत. घनसावंगी-परतूरच्या मित्रांनी २६ एप्रिलला मत दिले. जालना-बदनापूर-भोकरदनच्या मित्रांनी १३ मेला. दिल्लीचे प्रश्न दिल्लीला जाणाऱ्याला विचारा. मुंबईचे प्रश्न वहीत लिहून ठेवा. विधानसभेची मुदत २०२४ च्या नोव्हेंबरअखेर संपत होती. वही विधानसभेच्या वेळी उघडायची असते.